एका वेळी एकच आकडा बदला: वर्गात दोघांचे खेळ कसे घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना गेम थिअरी (एकाचा फायदा दुसऱ्याच्या निवडीवरही अवलंबून असतो तेव्हा लोक काय निवडतील याचा अभ्यास) फळ्यावरच्या तक्त्यांतून बाहेर काढायची आहे. वर्गात साठेक मुले, तास पन्नास मिनिटांचा, संगणक प्रयोगशाळा मिळेल न मिळेल. दोघादोघांत खेळता येतील आणि मोबदल्याचे आकडे, फेऱ्या, जोड्या हव्या तशा बदलता येतील असे प्रयोग कसे घ्यावेत? कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

सॉफ्टवेअरबद्दल शेवटी लिहिते. तुम्ही कोणता आकडा बदलणार आणि कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे. बरेच शिक्षक 'कैद्यांची कोंडी' (दोघांनी एकमेकांना न विचारता सहकार्य की दगा हे निवडायचे, असा खेळ) एकदा खेळवतात. काही मुले सहकार्य करतात, काही करत नाहीत. मग फळ्यावर नॅश समतोल (जिथून एकट्याने निवड बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती) लिहून तास संपतो. पुस्तक एक सांगते आणि माणसे दुसरेच करतात, एवढेच मुलांच्या हाती लागते. तोच खेळ त्याच वर्गात दोनदा घेतला, दुसऱ्यांदा फक्त एक आकडा बदलला आणि खेळायच्या आधी प्रत्येकाकडून 'आता काय होईल' हे लिहून घेतले, तर मुले स्वतःहून विचारू लागतात: समतोल तर हलला नाही, मग आपण का बदललो? किंवा समतोल हलला, तरी आपण तिथेच का राहिलो? हे प्रश्न वर्गातून यावेत म्हणून सगळा खटाटोप करायचा असतो. आकडे बदलण्याची सोय मला मोलाची वाटते ती यासाठीच.

सुरुवातीला कैद्यांची कोंडी न घेता 'प्रवाशांची कोंडी' घ्या, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कौशिक बसू यांनी हा खेळ १९९४ मध्ये मांडला. (पुढे ते केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार आणि नंतर जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले. हे सांगितले की मुलांचे कान टवकारतात.) दोन प्रवाशांकडे अगदी सारख्या कलावस्तू आहेत आणि विमानप्रवासात दोन्ही खराब होतात. कंपनीचा व्यवस्थापक दोघांना वेगवेगळे बसवून २ ते १०० मधला एक आकडा लिहायला सांगतो. दोघांचा आकडा सारखा असेल, तर तेवढी भरपाई मिळेल. वेगळा असेल, तर कमी असलेला आकडा धरायचा, तो लिहिणाऱ्याला वर २ द्यायचे आणि दुसऱ्याचे २ कापायचे. तुम्ही १०० लिहिणार असे मला वाटले, तर मी ९९ लिहून १०१ मिळवीन. हे तुम्हालाही कळते, म्हणून तुम्ही ९८ वर याल. ही घसरण थेट २ वर येऊन थांबते आणि एकमेव नॅश समतोल तोच.

आता बदलायचा आकडा पाहा. बक्षीस आणि दंडाची ती रक्कम २ असो, ५ असो की १८०, समतोल जागचा हलत नाही. जेकब गोएरी आणि चार्ल्स होल्ट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात नेमके हेच करून पाहिले होते. आकड्याची मर्यादा १८० ते ३००, दंड एकदा १८० आणि एकदा ५. सिद्धांताप्रमाणे दोन्ही वेळा उत्तर १८०. दंड मोठा असताना सुमारे ८० टक्के लोक खरोखरच खालच्या टोकाला गेले. दंड लहान असताना जवळपास तेवढेच लोक वरच्या टोकाला, ३०० च्या आसपास राहिले. समतोल तोच, वागणे मात्र पार दुसऱ्या टोकाला.

वर्गात हे घ्यायला कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. दोन रंगांच्या चिठ्ठ्या घ्या, एका रंगावर दंड ५ आणि दुसऱ्यावर १८० छापा. निम्म्या वर्गाला आधी एक रंग आणि निम्म्याला आधी दुसरा द्या, म्हणजे आधी काय खेळले याचा परिणाम वेगळा काढता येतो. प्रत्येकाने आकडा लिहायचा आणि त्याखाली एका ओळीत कारण. चिठ्ठ्या गोळा करा, पिसा आणि दोन-दोन उचलून फळ्यावर हिशेब मांडा. सगळ्या जोड्यांचा हिशेब करायची गरज नाही. चार-पाच जोड्या पुरतात, बाकीच्या आकड्यांचा दोन रंगांत स्तंभालेख काढा. दोन आलेख शेजारी शेजारी दिसले की मुले बोलू लागतात. इथे शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहणे फार गरजेचे आहे. 'दंड लहान असला तर चुकीची किंमतही लहान, म्हणून धोका पत्करायला काय हरकत आहे' हे वाक्य मुलांच्या तोंडून यायला हवे. ते येतेच, फक्त आपण घाई करायची नाही.

दुसऱ्या तासाला कैद्यांची कोंडी घ्या, पण आकडे जपून निवडा. नेहमीचा तक्ता असा: दोघांनी 'क' (सहकार्य) निवडले तर ३-३, दोघांनी 'ख' (दगा) निवडले तर १-१, एकाने क आणि दुसऱ्याने ख निवडले तर क-वाल्याला ० आणि ख-वाल्याला ५. मोह वाढला तर काय होते ते पाहायचे म्हणून ५ चे ८ करावेसे वाटते. एकाच फेरीचा खेळ असेल तर खुशाल करा. त्याच जोडीने बऱ्याच फेऱ्या खेळायच्या असतील, तर मात्र तक्ता बिघडतो. चलाख जोड्या लगेच हेरतात की आलटून-पालटून एकमेकांना ८ मिळू द्यावेत, म्हणजे सरासरी ४ पडतात आणि ते नेहमीच्या ३ पेक्षा जास्त आहेत. मग तुम्ही मोजायला गेलेले असता सहकार्य आणि वहीत उतरतो पाळीपाळीचा सौदा. म्हणून नियम लक्षात ठेवा: दोघांच्या सहकार्याची बेरीज ही एकतर्फी दग्याच्या बेरजेपेक्षा मोठी हवी. ८ च हवे असतील तर ३ चे ५ करा, ५ अधिक ५ म्हणजे १०, काळजी मिटली. पण लक्षात घ्या, आता एकाऐवजी दोन आकडे बदलले. म्हणून त्याच जोड्या पुन्हा पुन्हा खेळणार असतील तर मोबदला तसाच ठेवून खेळाची लांबी बदलणे मला जास्त शिकवणारे वाटते.

लांबीचा विषय थोडा विस्ताराने घेते, कारण वर्गातला सगळ्यात समृद्ध प्रयोग इथेच दडलेला आहे. कैद्यांची कोंडी पहिल्यांदा प्रत्यक्ष खेळली गेली ती जानेवारी १९५० मध्ये, अमेरिकेतल्या रँड संस्थेत. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणिती जॉन विल्यम्स यांना हा खेळ शंभर फेऱ्या खेळायला लावला. तुरुंग, पोलीस, कबुली ही कथा अल्बर्ट टकर यांनी त्याच वर्षी नंतर जोडली. शंभरपैकी ६० फेऱ्यांत दोघांनीही सहकार्य केले. दोघे प्रत्येक फेरीला मनात आले ते टिपून ठेवत होते, आणि ते शेरे वाचले की चिडचिड, समजूत घालणे, अद्दल घडवणे सगळे दिसते. निकाल पाहून जॉन नॅश यांनी आक्षेप घेतला की हे शंभर वेगळे खेळ नाहीत, शंभर चालींचा एकच मोठा खेळ आहे, त्यामुळे एका फेरीच्या समतोलाची ही परीक्षा होत नाही. आक्षेप अगदी बिनतोड आहे, आणि तो वर्गात अनुभवायला देता येतो.

त्यासाठी एक फासा घ्या. जोड्या कायम ठेवा. पहिल्या प्रकारात प्रत्येक फेरीनंतर शिक्षकाने फासा टाकायचा: १ ते ५ पडले तर पुढची फेरी, ६ पडला तर सगळ्या वर्गाचा खेळ संपला. सरासरी सहा फेऱ्या होतात. दुसऱ्या प्रकारात फक्त १ किंवा २ पडले तर पुढे जायचे, नाहीतर तिथेच थांबायचे. सरासरी दीड फेरी. मोबदला दोन्हीकडे तोच: ५, ३, १, ०. आता हिशेब मुलांनाच करू द्या. समोरचा सहकार्य करत असताना आज दगा दिला तर या फेरीत २ जास्त मिळतात. त्याने पुढे कायम पाठ फिरवली तर नंतरच्या प्रत्येक फेरीत ३ ऐवजी १, म्हणजे २ चा तोटा. पहिल्या प्रकारात अजून सरासरी पाच फेऱ्या बाकी असतात, म्हणजे तोटा १०. दुसऱ्यात सरासरी अर्धीच फेरी बाकी असते, म्हणजे तोटा १. सीमारेषा नेमकी तिथे येते, जिथे पुढची फेरी होण्याची शक्यता निम्मी असते. पुस्तकातले सूत्र, म्हणजे मोह वजा सहकार्य भागिले मोह वजा परस्पर दगा, हेच सांगते: २ भागिले ४. फासा हातात असला की ते सूत्र पाठ करावे लागत नाही.

याच धर्तीचा अभ्यास पेद्रो दाल बो यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढची फेरी होण्याची शक्यता वाढवली तसे सहकार्य वाढले. शिवाय सरासरी लांबी तेवढीच ठेवून फेऱ्यांची संख्या आधीच जाहीर केलेल्या खेळात ते कमी राहिले. म्हणून वेळ असेल तर तिसरा प्रकारही घ्या: 'बरोबर सहा फेऱ्या' असे जाहीर करून. शेवटच्या फेरीत काय होते ते वर्गाने स्वतः मोजू दे. या तासाला मी प्रत्येक फेरीमागे एक ओळ कारण लिहून घेतेच, अल्चियन आणि विल्यम्स यांच्यासारखी. आकड्यांचा तक्ता परीक्षेपुरता उपयोगाचा असतो, पण 'तिने मागच्या वेळी क टाकला म्हणून मी पण' अशा ओळी वाचताना 'जशास तसे' हे डावपेच मुलांना पुस्तकाआधीच सापडलेले असतात. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांच्या १९८० च्या संगणक स्पर्धेत अनातोल रॅपोपोर्ट यांची हीच छोटीशी युक्ती जिंकली होती. ते इथे सांगा, आधी नको.

मिश्र डावपेचांसाठी (म्हणजे एकच चाल न धरता ठरावीक प्रमाणात चाली बदलत राहणे) गोएरी-होल्ट यांच्याच लेखातला खेळ घ्या. एक जण ओळ निवडतो (वर किंवा खाली), दुसरा स्तंभ (डावा किंवा उजवा). 'वर-डावा' किंवा 'खाली-उजवा' आले तर ओळवाल्याला ८० आणि स्तंभवाल्याला ४०. उरलेल्या दोन घरांत उलट. दोघेही निम्मे-निम्मे खेळतात, काही विशेष नाही. आता फक्त एका घरातला ओळवाल्याचा आकडा, वर-डाव्यातला ८० चा ३२० करा. बाकी काही बदलू नका. वर्गाला विचारा, कोण बदलेल? जवळजवळ सगळे म्हणतात, ओळवाला. समतोल मात्र म्हणतो, ओळवाल्याने निम्मे-निम्मेच राहावे, कारण स्तंभवाल्याचे आकडे बदललेलेच नाहीत आणि त्याला संभ्रमात ठेवण्याचे प्रमाणही नाही. बदलायचे ते स्तंभवाल्याने: डावा फक्त आठातून एकदा. त्यांच्या प्रयोगात काय झाले? ओळवाले ९६ टक्के वेळा 'वर' गेले आणि स्तंभवाल्यांनी ८४ टक्के वेळा 'उजवा' घेतला. म्हणजे एका बाजूने सिद्धांत जवळपास बरोबर आला आणि दुसऱ्या बाजूने साफ फसला, तेही एकाच खेळात. समतोलात माझे प्रमाण माझ्या नव्हे, समोरच्याच्या मोबदल्यावर ठरते, ही गोष्ट फळ्यावर कितीही समजावली तरी निसटते. इथे ती पक्की बसते.

आता अल्टिमेटम. वेर्नर ग्यूथ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये याची सुरुवात केली. १०० रुपये आहेत, एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने मान्य करायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांना शून्य. साठ मुलांत हा समोरासमोर खेळवला तर तुम्हाला फक्त तीस प्रस्ताव आणि तीस होकार-नकार मिळतात. त्यापेक्षा प्रत्येकाला दोन्ही भूमिका द्या. चिठ्ठीवर दोन आकडे: 'मी देणारा असेन तर इतके देईन' आणि 'मी घेणारा असेन तर निदान इतके हवेत'. भूमिका नंतर चिठ्ठी काढून ठरवायच्या. साठ प्रस्ताव मिळतात, साठ किमान अपेक्षा मिळतात आणि कोणी कोणाला तोंडावर नकार देत नाही.

या साठ अपेक्षांतून एक सुंदर गणित निघते. समजा, ४० रुपये चालतील असे म्हणणारे ६० पैकी ४८ निघाले आणि ३० चालतील म्हणणारे फक्त ३०. मग ४० देणाऱ्याची सरासरी कमाई ६० गुणिले ४८ भागिले ६०, म्हणजे ४८ रुपये. ३० देणाऱ्याची ७० गुणिले अर्धे, म्हणजे ३५. या वर्गात दिलदारपणा आणि हिशेब एकच उत्तर देतात. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: लोक ४० देतात ते न्यायबुद्धीने की नकाराच्या भीतीने? तेव्हा नकाराचा अधिकार काढून टाका आणि पुन्हा खेळवा. त्याला डिक्टेटर गेम म्हणतात. किती रक्कम घसरते ते पाहा. आणखी एक बदल मला फार आवडतो: प्रस्ताव माणसाने न देता चिठ्ठी काढून ठरवायचा, आणि घेणाऱ्याला ते माहीत असले पाहिजे. सॅली ब्लाउंट यांनी १९९५ मध्ये दाखवले की अशा वेळी लोक कमी रक्कमही चालवून घेतात. राग आकड्याचा नसतो, तो आकडा निवडणाऱ्याचा असतो.

'पण सर, शंभर रुपयांत काय कळणार, लाख असते तर?' हा प्रश्न दरवर्षी येतो. मला 'मॅडम' म्हणून येतो, एवढाच फरक. याचे उत्तर आपल्या देशातच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईशान्य भारतातल्या खेड्यांत २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंतच्या रकमांवर अल्टिमेटम खेळवला गेला. सगळ्यात मोठ्या रकमेला वाट्याचे प्रमाण कमी असूनही नकार जवळपास नाहीसे झाले. मुलांना हा निकाल सांगण्याआधी त्यांचे अंदाज घ्या. वर्गात २०,००० रुपये वाटता येत नाहीत, पण ज्यांनी वाटले त्यांचे निकाल आपल्याकडे आहेत.

फक्त शब्द बदलूनही प्रयोग होतो. कैद्यांच्या कोंडीचा तोच तक्ता एकदा 'वॉल स्ट्रीटचा खेळ' आणि एकदा 'समुदायाचा खेळ' या नावाने दिला, तेव्हा अमेरिकेत पहिल्या नावाखाली सुमारे एक तृतीयांश आणि दुसऱ्या नावाखाली सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सहकार्य केले. लिबरमन, सॅम्युएल्स आणि रॉस यांचा हा अभ्यास २००४ चा. आपल्याकडे 'बाजाराचा खेळ' आणि 'सहकाराचा खेळ' अशी नावे देऊन बघा. साखर कारखाने, पतसंस्था, दूधसंघ यांच्या जिल्ह्यांतून आलेल्या मुलांना 'सहकार' म्हटल्यावर काय आठवते आणि त्याने हात कुठे वळतो, हे पाहण्यासारखे आहे. पण हा बदल मुद्दाम करायचा असेल तेव्हाच करा. एरवी सूचनांत 'सहकार्य', 'दगा', 'कैदी', 'प्रतिस्पर्धी' यांतला एकही शब्द येऊ देऊ नका. पर्याय 'क' आणि 'ख', समोरचा तो 'दुसरा खेळाडू', बस्स. सूचना छापील असाव्यात, मोठ्याने वाचाव्यात आणि खेळाआधी दोन छोटे प्रश्न सोडवून घ्यावेत: 'तुम्ही क आणि दुसऱ्याने ख निवडले तर तुम्हाला किती?' ज्यांना तक्ता वाचता येत नाही त्यांचे वागणे आपण 'औदार्य' म्हणून नोंदवून बसतो, आणि अख्खा निकाल वाया जातो.

जोड्यांचे गणित सोपे आहे. बाके दोन रांगांत समोरासमोर धरा. एक रांग जागची हलायची नाही, दुसरी प्रत्येक फेरीला एक जागा पुढे सरकते. रांगेत दहा जण असतील तर दहा फेऱ्या कोणाचीही गाठ पुन्हा पडत नाही. कायमची जोडी आणि दर वेळी नवी जोडी ही तुलना हाच एक वेगळा प्रयोग आहे: तोच तक्ता, तेवढ्याच फेऱ्या, फक्त ओळखीचा धागा तुटलेला. प्रत्येकाला पत्त्यांतला एक लाल आणि एक काळा पत्ता द्या. लाल म्हणजे क, काळा म्हणजे ख. पत्ता छातीशी धरायचा, खूण झाली की दोघांनी एकदम दाखवायचा. हे उत्साहाचे असते, पण चेहरा दिसतो, मैत्री आड येते. मैत्रीचा परिणाम नको असेल तर चिठ्ठीवर फक्त क्रमांक लिहून घ्या आणि जोडी तुम्ही टेबलावर लावा. मुले विषम संख्येत आली तर कोणाला बाहेर बसवू नका. एकाच फेरीचा, एकाच वेळी निर्णय घ्यायचा खेळ असेल तर तिघांचे वर्तुळ करा: पहिल्याचा हिशेब दुसऱ्याच्या निर्णयावर, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, तिसऱ्याचा पहिल्याच्या. आणि तसे आधी जाहीर करा. प्रायोगिक अर्थशास्त्रात खेळाडूंना खोटे सांगायचे नाही हा नियम कडक पाळला जातो, आणि वर्गात तो अधिकच पाळायला हवा. एकदा शिक्षकाने फसवले असे वाटले की पुढच्या प्रत्येक प्रयोगात मुले तक्त्याविरुद्ध न खेळता तुमच्याविरुद्ध खेळतात.

बक्षिसाबद्दल माझे मत ठाम आहे. खेळातल्या कमाईवर अंतर्गत गुण देऊ नयेत. समोरच्याने काय निवडले यावर एखादीचा निकाल ठरणे अन्यायाचे आहे, आणि गुणांच्या धास्तीने मुले खेळण्याऐवजी 'मॅडमना काय हवे' ते शोधतात. तासाच्या शेवटी चिठ्ठी काढून एका जोडीची एकच फेरी निवडा आणि तिचे गुण रुपयांत बदलून द्या. एका गुणाला दहा रुपये धरले तर ५-३-१-० च्या तक्त्यात जास्तीत जास्त साठ रुपये लागतात, आणि कोणतीही फेरी निवडली जाऊ शकते म्हणून प्रत्येक फेरी मनापासून खेळली जाते. गुण द्यायचेच तर प्रयोगानंतर लिहिलेल्या पानभर विश्लेषणाला द्या.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. खेळ लहान असला तरी मनाला लागतो. कोणी कोणाला शून्य दिले, कोणाचा प्रस्ताव फेटाळला गेला, हे नावानिशी फळ्यावर कधीही येऊ नये. जात, धर्म, गाव, मुलगा-मुलगी यांवरून गट पाडून 'कोण जास्त सहकार्य करते' हे साठ मुलांच्या वर्गात तपासायला जाऊ नका. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि ज्यांच्या गटाचा आकडा खाली येतो त्यांना तो वर्षभर वागवावा लागतो. निकाल कुठे छापायचा विचार असेल तर तो आता नुसता तास राहत नाही. आधी लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी घ्या.

आता सॉफ्टवेअर. एकाच फेरीचे खेळ आणि 'दोन्ही भूमिका' पद्धतीचा अल्टिमेटम यांना गूगल फॉर्म आणि शीट पुरतात. उत्तरे आली की शेजारच्या रकान्यात यादृच्छिक संख्या भरा, त्या रकान्याचे सूत्र काढून नुसते आकडे ठेवा (नाहीतर ते दर वेळी बदलत राहतात), क्रम लावा आणि लागोपाठच्या दोन ओळींची जोडी धरा. फॉर्मवर नाव न मागता क्रमांक मागा. दंडाचा किंवा मोबदल्याचा आकडा एका वेगळ्या घरात ठेवून सूत्रे त्या घराकडे वळवली की आकडा बदलणे म्हणजे एक कळ दाबणे.

फेऱ्यांमागून फेऱ्या आणि लगेच निकाल दाखवायचा असेल तर ओट्री शिका. डॅनियल चेन, मार्टिन शोंगर आणि ख्रिस विकन्स यांनी बनवलेले हे पायथनवर चालणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. खेळाडू मोबाइलच्या ब्राउझरमधून खेळतात, त्यामुळे प्रयोगशाळेची गरज उरत नाही. गटात किती खेळाडू आणि किती फेऱ्या हे खेळाच्या कोडमध्ये वरच लिहिलेले असते. मोबदल्याचे आकडे मात्र तिथे न लिहिता सेशनच्या मांडणीत ठेवा. मग कोडला हात न लावता, सेशन सुरू करताना व्यवस्थापकाच्या पानावरच ते बदलता येतात. तुम्हाला हवी असलेली लवचिकता हीच. पाने मराठीत लिहिता येतात आणि जरूर लिहावीत. प्रत्येक पानाला वेळेची मर्यादा घाला, कारण एकाची बॅटरी संपली की त्याचा जोडीदार प्रतीक्षेच्या पानावर अडकून बसतो. व्यवस्थापकाच्या पानावर मागे पडलेल्यांना पुढे ढकलण्याचे बटणही आहे. तासाआधी त्यातल्या बॉटकडून (आपोआप खेळणाऱ्या संगणकी खेळाडूकडून) सगळा खेळ एकदा चालवून घ्या. महाविद्यालयाचे इंटरनेट बेभरवशाचे असेल तर लॅपटॉपवरच सर्व्हर चालवून राउटर जोडा. लॅपटॉपच्या स्वतःच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका, विंडोजमध्ये त्याला एका वेळी आठच यंत्रे जोडता येतात.

उर्स फिशबाखर यांचे झेड-ट्री जुने आणि भरवशाचे आहे, पण त्याला विंडोज संगणकांची प्रयोगशाळा लागते. चार्ल्स होल्ट यांची व्हेकॉनलॅब ही साइट तयार खेळांची आहे आणि आकडे बदलू देते. इंग्रजीची अडचण नसेल तर तिथूनच सुरुवात करा, कोड लिहावा लागत नाही. पत्ते आणि चिठ्ठ्या मात्र सोडू नका, वीज गेली तरी त्यांच्यावर तास होतो.

वेळेची विभागणी अशी ठेवते: सूचना आणि तपासणीचे प्रश्न दहा मिनिटे, अंदाज लिहिणे तीन, खेळ पंधरा, उरलेला सगळा वेळ चर्चा. खेळ लांबला तर फेऱ्या कापा, चर्चा कापू नका. चर्चेचा क्रमही ठरलेला असावा. आधी मुलांचे अंदाज फळ्यावर, मग प्रत्यक्ष आकडे, मग त्यांच्या चिठ्ठ्यांतली कारणे नाव न घेता मोठ्याने वाचायची, आणि त्यानंतरच समतोल काढायचा. वर्गाचे निकाल तारखेसह जपून ठेवा, त्यासोबत सूचनांचा तो नेमका कागदही. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मागच्या वर्गाचा आलेख त्यांच्या खेळानंतर दाखवता येतो. पहिल्या सत्रासाठी मी प्रवाशांची कोंडी, फाशाची कोंडी आणि दोन चिठ्ठ्यांचा अल्टिमेटम एवढे तीनच प्रयोग घेईन, प्रत्येकी दोन प्रकारांत. ३२० चा खेळ मिश्र डावपेच शिकवून झाल्यावर घ्या, कारण आठातून एकदा हे उत्तर मुलांना स्वतः काढता आले तरच त्यातला धक्का त्यांना कळेल.